मापात पाप आणि शेवटचा न्याय

इंग्लंडमध्ये वेल्सच्या सीमेलगत लडलो नावाचे जुने बाजाराचे गाव आहे. तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये धर्मगुरूंना बसण्यासाठी लाकडी आसनांच्या रांगा आहेत. आसनाची फळी वर उचलली की तिच्या पोटाला पंधराव्या शतकातले कोरीवकाम दिसते. अशाच एका फळीखाली सैतानाने एका बाईला खांद्यावर उलटी टाकली आहे. तिच्या अंगावर कपडा नाही, पण डोक्यावरचे उंची शिरोभूषण जागच्या जागी आहे आणि हातातला बिअरचा मगही तिने सोडलेला नाही. दुसरा सैतान बॅगपाइप वाजवतो आहे, म्हणजे चक्क वाजतगाजत वरात. एका कडेला तिसरा सैतान लांबलचक गुंडाळीवरून पापांची यादी वाचतो, दुसऱ्या कडेला नरकाचा जबडा आ वासून तयार आहे.

या बाईने ना कुणाचा खून केला होता, ना कुणावर करणी. तिने मापात पाप केले होते.

मध्ययुगीन युरोपातल्या 'शेवटच्या न्यायाच्या दिवसा'चा विषय निघाला की बहुतेक लेखक तुतारी, आग, भूकंप आणि भेदरलेली माणसे यांच्याकडे धाव घेतात. ते सगळे होतेच. पण मला लडलोची ही बाई जास्त बोलकी वाटते. तो दिवस केव्हा उजाडणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्या दिवशी काय विचारले जाणार हे मात्र सगळ्यांना पाठ होते, आणि ते प्रश्न पावाचे, बिअरचे, वजनकाट्याचे, शेजाऱ्याच्या आजारपणाचे होते. साधारण १२०० ते १५५० या काळातल्या इंग्लंडच्या गावांत डोकावले की हे फार लख्ख दिसते.

आधी बिअरचेच पाहू. 'एल' म्हणजे हॉप्स न घालता बनवलेली बिअर. ती घरोघर प्यायली जायची आणि चार-सहा दिवसांत आंबून जायची. त्यामुळे दूरवर विकायचा प्रश्नच नव्हता. गावातल्या बायका घरीच ती गाळत आणि जास्तीची शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकत. तेराव्या शतकात पाव आणि बिअर यांच्या किमती धान्याच्या भावाशी बांधून देणारा कायदा झाला. गावोगाव बिअर चाखून आणि माप तपासून पाहणारे लोक नेमले गेले. जमीनदाराच्या कोर्टाचे जुने कागद पाहिले तर त्याच त्या बायकांना वर्षामागून वर्षे दंड झालेला दिसतो. दंड इतका नेमाने व्हायचा की तो जवळजवळ परवाना शुल्कच होऊन बसला. थोडक्यात, इथल्या न्यायाला ती बाई पैसे भरून मोकळी होत होती. जिला इथे हात लागत नव्हता तिचा हिशेब लोकांनी वरच्या कोर्टात पाठवला. चेस्टर शहरात ख्रिस्ताच्या नरक-विजयाचे नाटक स्वयंपाकी आणि खानावळवाल्यांच्या संघाकडे असे. त्यात सगळे पुण्यवान सुटून गेल्यावर एक बिअरवाली तेवढी नरकात मागे राहते आणि आपण भेसळ कशी केली, माप कसे मारले, हे स्वतःच सांगते. आपल्याच धंद्याची अशी भर रस्त्यात टिंगल करणारे व्यापारी आज शोधून सापडायचे नाहीत.

आता मूळ श्रद्धा काय होती ते पाहू, कारण तिच्यात एक गुंता आहे. ख्रिस्ती मतानुसार जगाच्या अंती ख्रिस्त पुन्हा येणार, मेलेली माणसे आपापल्या देहासह कबरीतून उठणार आणि सर्वांचा एकत्र निवाडा होणार. आपल्याकडे चित्रगुप्ताची वही असली तरी राहिलेले फेडायला पुढचा जन्म असतो. इथे खेप एकच. मग आज मेलेला माणूस जगाच्या अंतापर्यंत करतो काय? बाराव्या-तेराव्या शतकांत याचे उत्तर पक्के होत गेले: मरताक्षणी प्रत्येकाचा एक वैयक्तिक न्याय होतो. संत थेट स्वर्गात, निर्ढावलेले थेट नरकात, आणि तुम्ही-आम्ही, म्हणजे बहुतांश जनता, शुद्धिस्थानात. तिथेही आगच, पण सुटकेची खात्री असलेली. शेवटच्या दिवशी होणार तो सर्वांसमोरचा, देहासकट, कायमचा निकाल.

हे गणित पोपलाही सोपे गेले नाही. १३३१ साली अविन्योंमध्ये पोप जॉन बाविसावे यांनी प्रवचनात सांगितले की, शेवटच्या न्यायापर्यंत संतांनाही देवाचे पूर्ण दर्शन होत नाही. पॅरिसच्या विद्यापीठातले धर्मपंडित खवळले. त्यांची अडचण व्यवहारीही होती. संतच देवासमोर पोहोचले नसतील, तर गावोगाव त्यांच्यापुढे मेणबत्त्या लावून आपली रदबदली करा म्हणून विनवणारे लोक कुणाशी बोलत होते? १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी आपले म्हणणे मागे घेतले आणि १३३६ मध्ये त्यांच्या वारसाने, बेनेडिक्ट बाराव्यांनी, अधिकृत खुलासा करून वाद मिटवला. शेतकऱ्याला या वादाची खबरही लागली नसेल. त्याची पोथी भिंतीवर होती.

इंग्लंडमधल्या चर्चमध्ये लोक जिथे उभे राहत तो भाग आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये एक मोठी कमान असते. तिच्यावरच्या जागेत शेवटच्या न्यायाचे चित्र काढायची पद्धत होती. मिस्सेला, म्हणजे वेदीवरच्या प्रार्थनाविधीला, आलेल्या माणसाने समोर पाहिले की ते दिसणारच. मधोमध इंद्रधनुष्यावर बसलेला, जखमा दाखवणारा ख्रिस्त. खाली कबरीतून उठणारी नागवी माणसे. त्याच्या उजव्या हाताला स्वर्ग, डाव्या हाताला नरक. संत मायकल तराजू घेऊन उभा, आणि पारडे आपल्या बाजूला झुकावे म्हणून सैतान खटपट करतो आहे. कित्येक चित्रांत मारियामाता दुसऱ्या पारड्यावर आपली जपमाळ हळूच ठेवते. न्यायाच्या तराजूवर असा वशिला चालतो, हे चित्रकारांना आणि बघणाऱ्यांना मुळीच खटकत नव्हते.

सफोक परगण्यातल्या वेनहॅस्टनच्या चर्चमध्ये असे एक चित्र साधारण १५०० च्या सुमाराचे, लाकडी फळ्यांवर रंगवलेले आहे. त्यात स्वर्गाच्या दाराशी संत पीटर चौघांचे स्वागत करतो: एक राजा, एक राणी, एक बिशप, एक कार्डिनल. चौघांच्याही अंगावर सूत नाही. ओळख पटावी म्हणून मुकुट आणि टोप्या तेवढ्या ठेवल्या आहेत. लडलोच्या बाईच्या शिरोभूषणामागचे कारणही तेच. गावातला कूळकरी रविवारी तासभर या चित्राखाली उभा असे आणि त्याचा जमीनदारही तिथेच उभा असे. या चित्रांमुळे समाज उलथला वगैरे काही नाही, आणि तसा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. पण वर्षानुवर्षे राजाला नागडा पाहण्याची सवय लागते, हेही काही थोडे नाही.

लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यातले चाल्डनचे भित्तिचित्र आणखी जुने, १२०० च्या आसपासचे. त्यात एक सावकार आगीत बसला आहे, गळ्यात पैशांच्या थैल्या, तोंडातून नाणी गळताहेत. शेजारी काट्यांचा पूल आहे आणि त्यावरून काही कारागीर आपापली कामे सांभाळत चालले आहेत. ते लबाड धंदेवाले असावेत असे मानले जाते. पुन्हा बाजारच.

बायबलमध्ये मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. तिथे न्यायाधीश श्रद्धेबद्दल, उपासाबद्दल, प्रार्थनेबद्दल एक अक्षर विचारत नाही. सहाच गोष्टी विचारतो: भुकेल्याला जेवू घातलेस का, तहानलेल्याला पाणी दिलेस का, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली होती म्हणा ना! यात मेलेल्याला मूठमाती देण्याचे सातवे कर्म पुढे जोडले गेले.

यॉर्कमध्ये नॉर्थ स्ट्रीटवर ऑल सेंट्स नावाचे छोटे चर्च आहे. त्याच्या दोन खिडक्या एकमेकींची उत्तरे आहेत. दोन्ही पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. पहिल्या खिडकीत जगाचे शेवटचे पंधरा दिवस पंधरा चौकटींत रंगवले आहेत आणि प्रत्येकीखाली इंग्रजी पद्यात मजकूर आहे. लॅटिनमध्ये नव्हे, दुकानदाराला वाचता येईल अशा भाषेत. समुद्र चढतो, मग ओसरतो, समुद्रातले प्राणी वर येऊन ओरडतात, पाणी पेटते, इमारती कोसळतात, माणसे बिळांत लपतात आणि प्रार्थना करत बाहेर येतात, हाडे हलू लागतात, तारे गळतात, सगळे मरतात, शेवटच्या चौकटीत आग. दुसऱ्या खिडकीत एक दाढीवाला, चांगल्या कपड्यांतला गृहस्थ पाव वाटतो आहे, पेला भरतो आहे, कैद्यांना भेटतो आहे. तो शहराचा व्यापारी आणि महापौर निकोलस ब्लॅकबर्न असावा अशी जुनी समजूत आहे. या खिडकीत सातवे कर्म नाही, मॅथ्यूची सहाच आहेत. एका खिडकीत येऊ घातलेले संकट आणि दुसरीत त्यावरचा उपाय. दोन्हींचा खर्च शहरातल्या पैसेवाल्यांचा.

याच यॉर्कमध्ये कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला सृष्टीच्या उत्पत्तीपासून जगाच्या अंतापर्यंत सगळी कथा गाड्यांवरच्या रंगमंचांवरून शहरभर फिरवत सादर होई. सुरुवात पहाटे साडेचारला. एकेका प्रसंगाची जबाबदारी एकेका व्यवसायाच्या संघाकडे होती. शेवटचा न्याय होता शहरातल्या सर्वांत श्रीमंत लोकांकडे, म्हणजे बड्या कापड व्यापाऱ्यांकडे. त्यांच्या सामानाची १४३३ सालची यादी आजही उपलब्ध आहे, आणि ती वाचताना नाटक कंपनीच्या कुठल्याही जुन्या माणसाला घरच्यासारखे वाटेल. एक नरकाचा जबडा. तीन सैतानांचे तीन पोशाख, आणि तीन मुखवट्यांत मिळून सैतानाचे सहा चेहरे, म्हणजे एकेका मुखवट्याला दोन-दोन तोंडे. देवाच्या भूमिकेसाठी जखमा रंगवलेला सदरा आणि सोनेरी मुखवटा. तांबड्या ढगांचे दोन तुकडे, सोनेरी तारे. देवाला स्वर्गात वर उचलण्यासाठी लोखंडी बैठक. आणि स्वर्गात इकडून तिकडे पळणारे नऊ छोटे तांबडे देवदूत, त्यांना पळवण्यासाठी एक लांब बारीक दोरी. जगाच्या अंताची धास्ती त्या माणसांना होतीच, पण त्या दिवशीचे देवदूत दोरीने नीट पळतात की नाही याचीही काळजी होती. मध्ययुगातले लोक रात्रंदिवस भीतीने गोठून बसलेले होते, असे ज्यांना वाटते त्यांनी ही यादी जरूर वाचावी.

इ.स. १००० ला अवघा युरोप जग बुडणार म्हणून कामधंदा टाकून बसला होता, ही गोष्टही अशीच. काही मठवासीयांच्या लेखनात अस्वस्थता दिसते, पण सगळीकडे पसरलेल्या त्या घबराटीचे रसभरित वर्णन नंतरच्या शतकांतल्या लेखकांनी रंगवले.

खरी धास्ती निराळी होती: अचानक मरण. मरण्याआधी पापांची कबुली देता आली, धर्मगुरूने क्षमा सांगितली, तर शुद्धिस्थानापर्यंत तरी पोहोचता येई. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून किमान एकदा कबुली देणे सर्वांना बंधनकारक केले, आणि मग धर्मगुरूंसाठी मार्गदर्शक पुस्तके निघाली. कबुली घेताना माणसाच्या धंद्याप्रमाणे प्रश्न विचारावेत, अशी शिकवण त्यांत असे. वर्षभर टाळलेला विषय ईस्टरच्या आधी असा गुडघे टेकून निघायचा. कुणी अत्यवस्थ असला की धर्मगुरू घंटा आणि कंदील पुढे ठेवून रस्त्याने निघे, आणि वाटेतले लोक गुडघ्यावर बसत. पण झाडावरून पडलेल्याचे, नदीत बुडालेल्याचे काय? त्यासाठी चर्चच्या दारासमोरच्या भिंतीवर बालयेशूला खांद्यावर घेतलेल्या संत क्रिस्टोफरचे भले थोरले चित्र असे. त्याचे दर्शन घडले की त्या दिवशी तरी कबुलीवाचून मरण येत नाही, असा समज होता. कामावर जाताना दारातून डोकावले की झाले. चित्र मोठे काढायचे कारण तेच.

१३४८ च्या उन्हाळ्यात प्लेगची साथ दक्षिण किनाऱ्यावर उतरली आणि ही सगळी व्यवस्था कोलमडली. दीडेक वर्षात इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या गेली. मरणाऱ्यांजवळ बसणारे धर्मगुरू तर जास्तच. जानेवारी १३४९ मध्ये बाथ आणि वेल्सचे बिशप राल्फ यांनी आपल्या धर्मप्रांताला पत्र पाठवले: धर्मगुरू मिळत नसेल तर लोकांनी एकमेकांजवळ पापांची कबुली द्यावी, पुरुष मिळाला नाही तर स्त्रीजवळसुद्धा. त्या काळच्या बिशपने हे लिहावे यातच सगळे आले. युरोपच्या इतर भागांत त्याच वर्षी स्वतःला फटके मारत गावोगाव फिरणाऱ्यांचे जथे निघाले आणि पोपने त्यांच्यावर बंदी घातली. इंग्लंडमध्ये त्यांना फारसा प्रतिसाद मिळाला नाही.

आता पैशांचे. माणूस मेला की जमीनदार त्याच्या गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर नेई, आणि त्या खालोखालचे चर्चकडे जाई. चर्चने सांगितलेले कारण असे: आयुष्यभरात उत्पन्नाचा दहावा हिस्सा देताना काही राहून गेले असेल, त्याची भरपाई. मृत्युपत्रांतही 'विसरलेल्या दशांशापोटी' म्हणून काही पेनी वेदीला ठेवलेल्या सर्रास दिसतात. देणे अंगावर ठेवून त्या कोर्टात उभे राहायचे नव्हते. पुढे मग गरिबांना पाव, अंत्ययात्रेत मशाली धरणाऱ्या गरिबांना कपडे, खचलेल्या रस्त्याला आणि पुलाला पैसे. पुलाला देणगी देणाऱ्याला बिशपकडून चाळीस दिवसांची पापदंडमाफी मिळे, त्यामुळे इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या पुलांच्या दगडांत परलोकाची चिंता चिणलेली आहे.

आणि मिस्सा. महिन्याला एक, सलग तीस, वर्षश्राद्धाला एक, ऐपत असेल तर कायमचा धर्मगुरू नेमून रोज एक. राजा पाचव्या हेन्रीने मृत्युपत्रात वीस हजार मिस्सांची तजवीज केली. ऑक्सफर्डमधले प्रसिद्ध ऑल सोल्स कॉलेज १४३८ मध्ये स्थापन झाले ते विद्येसाठी तसेच हेन्रीच्या आणि फ्रान्सच्या युद्धात पडलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करायला. गरिबाला हे कुठून परवडणार? त्याच्यासाठी धर्मग्रामाची नामावली होती. चर्चला मेणबत्ती, मेंढी, भांडे, काहीतरी देऊन ठेवायचे, म्हणजे नाव यादीत जाई आणि दरवर्षी सर्वांसमोर वाचले जाई. मेलेली माणसे अशी गावच्या हजेरीपटावर राहत. जिवंतांना त्यांच्यासाठी काहीतरी करता येत होते आणि मेलेल्यांना जिवंतांकडून काही अपेक्षा होत्या. शेवटच्या न्यायाच्या कल्पनेने गावाला दिलेली ही सर्वांत मोठी गोष्ट, असे माझे मत आहे. तिच्यावर धर्मगुरूंचा धंदा चालला हे खरेच. पण धंदा चालायला आधी माया असावी लागते.

डेव्हनमधल्या मोरबाथ या तीसेक घरांच्या डोंगरी गावात चर्चच्या मालकीच्या मेंढ्या होत्या. त्या शेतकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असत आणि लोकरीच्या पैशांतून संतांपुढचे दिवे जळत. इथला धर्मगुरू ख्रिस्तोफर ट्रिकी १५२० ते १५७४ अशी चौपन्न वर्षे तिथेच होता आणि त्याने लिहिलेले चर्चचे हिशेब टिकले आहेत. मृतांच्या मिस्सांसाठी काळ्या वस्त्रांचा एक चांगला संच घ्यावा म्हणून तो वीसएक वर्षे पै-पै साठवत होता. १५४७ मध्ये वस्त्रे आली. त्याच वर्षी नव्या बालराजाच्या, सहाव्या एडवर्डच्या, प्रॉटेस्टंट सरकारने मृतांसाठी मिस्सा म्हणणाऱ्या संस्था कायद्याने बरखास्त केल्या. दोन हजारांहून अधिक संस्थांची मालमत्ता सरकारजमा झाली. शुद्धिस्थान हे थोतांड ठरले, नामावल्या थांबल्या, भिंतींवरच्या न्यायाला चुना फासला गेला. वेनहॅस्टनच्या फळ्यांवर चुना देऊन सत्ताधाऱ्यांची आज्ञा पाळा असे सांगणारे बायबलचे वचन लिहिण्यात आले. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी त्या फळ्या अडगळ म्हणून अंगणात टाकल्या, रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि सकाळी राजा, राणी, बिशप, कार्डिनल पुन्हा उघडे.

या उलथापालथीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. भिंतींना चुना लागत होता त्याच सुमारास, १५४९ मध्ये, विल्टशरमध्ये थॉमस स्टीफन्स जन्मला. जुना कॅथलिक पंथ धरून राहिल्यामुळे त्याने देश सोडला, रोममध्ये तो जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्याला आला आणि उरलेले आयुष्य त्याने मुख्यतः साष्टीत काढले. बायबलची कथा ओव्यांत सांगणारे त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. त्याच्या देशातल्या भिंतींवरची कथा पुसली गेली होती. त्याने ती मराठीत लिहिली.

आपल्याकडची पुष्कळ मुले आता शिकायला, नोकरीला इंग्लंडमध्ये असतात, आईवडीलही भेटीला जातात. यॉर्कला गेलात तर कॅथीड्रल पाहून परत फिरू नका. नदी ओलांडून नॉर्थ स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्समध्ये जा. पंधरा दिवसांची खिडकी खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर वाचत जायची असते. चौकटी उंचावर आहेत, तेव्हा छोटी दुर्बीण जवळ ठेवा, आणि उन्हाचा दिवस निवडा.